तेहतीस नंबरची वायर

१२ फेब्रुवारी १९९६

ही वही बेरिलने नाताळात दिली. म्हणाली, "आयव्ही, तुझ्या डोक्यात जे आहे ते कुठेतरी लिहून ठेव, नाहीतर तुझ्याबरोबर वर जाईल." मी म्हटलं, "जाऊ दे की. वरही कुणाचं तरी इंजिन बिघडलेलं असेलच." म्हणून वही कोरी होती. आज लिहिण्यासारखं झालं.

रोलंड डॅनटच्या विमानात धूर निघाला. त्याचं ते जुनं ऑस्टर, दोन माणसांचं, अंगावर कापड चढवलेलं, युद्ध संपल्यावर पुढच्या वर्षी बांधलेलं. त्याच्या बापाने एक्कावन्न साली घेतलं तेव्हापासून त्याला माझाच हात लागतो. रोलंड बीटाच्या शेतांवरून चक्कर मारत होता आणि समोरच्या काट्यांच्या फळीमागून जळक्या रबराचा वास आला. सगळं बंद करून गवतावर उतरला. उतरल्यावर माझ्याकडे आला, घरी बायकोकडे नाही. शहाणा आहे.

दुपारी फळी उघडली. आतल्या वायरींचं रबर बिस्किटासारखं झालंय. बोट लावलं की भुगा. पन्नास वर्षं टिकलं, अजून किती टिकणार? म्हटलं, "रोलंड, एकेक वायर बदलण्यात अर्थ नाही. सगळी काढायची, सगळी नवीन घालायची."

"किती दिवस लागतील, मावशी?"

"तू मधे मधे विचारलं नाहीस तर एप्रिल."

१५ फेब्रुवारी

संघटनेचं पत्र आलं. आम्ही जे लोक छोट्या विमानांची तपासणी करून सही करतो, त्यांतल्या सत्तरीवरच्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरचा कागद पाठवायचा. एकतीस मेच्या आत. नाहीतर यादीतून नाव कमी.

एकतीस वर्षं सही करतेय. माझी सही असलेलं एकही विमान माझ्या चुकीने खाली आलेलं नाही. आणि हे कुठल्या तरी ऑफिसातलं पोरगं मला कागद मागतंय. पत्राची छपाईसुद्धा इतकी फिकट की खिडकीशी धरून वाचावं लागलं. शाई वाचवतात आणि आमचे डोळे तपासतात.

पण खरा प्रश्न दुसराच. सही गेली तर मी कोण? लांडग्यांच्या गल्लीत राहणारी म्हातारी, जी रविवारी चर्चमध्ये खोकते.

पत्र चहाच्या डब्याखाली ठेवलं.

२१ फेब्रुवारी

जुनी वायरिंग उपसून काढली. पोटातून आतडी काढावी तशी. बेरिल मदतीला आहेच. बेरिल ओडलिंग, एकसष्ट वर्षांची, आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, नऊ वर्षांपूर्वी निवृत्त झाली आणि माझ्या मागे लागली, मला शिकव. शिकवलं. काम चांगलं करते, पण नखरे फार. प्रत्येक वायर काढायच्या आधी कागदाची चिठ्ठी बांधते, वहीत चित्र काढते, चित्राला रंग देते.

मी म्हटलं, "लग्नाची पत्रिका काढतेस का?"

"तुझ्या डोक्यात आहे सगळं, माझ्या डोक्यात नाही. म्हणून वहीत."

"मग डोकं वाढव."

"या वयात केसही वाढत नाहीत, डोकं कुठून वाढवू?"

हसले. शेडमध्ये थंडी अशी की चहा कपात ओतेपर्यंत कोमट.

२ मार्च

नवीन वायर आली. सगळी पांढरी! आता म्हणे विमानात अशीच घालतात, रंग नाहीत, फक्त नंबर. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबराची पट्टी चढवायची.

बेचाळीस साली, युद्धात, मी एकोणीस वर्षांची होते, हवाई दलात वायरिंग करायचे. बॉम्बफेकी विमानांत रात्री दिवा लावायची बंदी, तेव्हा हाताने वायरी ओळखायचो. सुताची वीण बोटाला कळायची, जाड कुठली, बारीक कुठली, मेण लावलेली कुठली. ही नवी वायर हाताला ईलमाशासारखी गुळगुळीत, आणि सगळ्या जुळ्या बहिणी. याला कोणी सुधारणा म्हणावं?

बेरिलने पट्ट्या छापून आणल्या. नंबर बघायला डोळे ताणावे लागतात. मी म्हटलं, "मुंग्यांसाठी छापलेस का?" काही बोलली नाही. एरवी लगेच उलट बोलते.

७ मार्च

बेरिलने पट्ट्या परत करून आणल्या, यावेळी मोठ्या अक्षरांत. पोरांच्या अंकलिपीसारख्या. मी म्हटलं, आता अगदी हत्तींसाठी. पण वापरल्या.

शेडमधली ट्यूबलाईट मंद झालीय. रोलंडला नवीन लावायला सांगितली. लावली. तीही मंद. आजकालच्या वस्तूच तशा.

१३ मार्च

दिवसभर थिंबल दाबत होते. वायर सोलायची, टोकाला थिंबल म्हणजे पितळी नळी घालायची, पक्कडीने दाबायची, ओढून बघायची. सहा तास. अकरा वायरी झाल्या. पाठ मोडली.

पाच वाजता म्हटलं, चल. बेरिल म्हणाली, "तू हो पुढे, मी जरा झाडून येते." रोज झाडते. शेड झाडायला दोन तास! रोलंड सांगत होता की तिची गाडी सातला निघते. आणि सकाळी जाऊन बघावं तर बुटाखाली वायरीचे तुकडे कालच्याहून जास्त करकरतात. एक्स्चेंजमध्ये झाडायला कोणी शिकवलं नसावं.

एक गोष्ट मात्र बघितली. काल दाबलेले माझे जोड आज हात लावला तर जास्त घट्ट, जास्त नीट बसलेले. थंडीने पितळ आवळत असावं. पूर्वी हे कधी लक्षात आलं नव्हतं.

१९ मार्च

चर्चच्या फाटकाचा खांब कोणीतरी सरकवलाय. गाडीचा आरसा गेला. पाद्री म्हणतो की खांब तेराशे-चौदाशे सालापासून तिथेच आहे. पाद्र्याला काय कळतं गाड्यांतलं.

बेरिल म्हणाली, "मी रोज तुझ्या दारावरूनच येते, तुला घेत जाईन. पेट्रोल वाचेल." बरं म्हटलं. ती गाडी चालवते म्हणजे शेळी हाकते, पण आयतं मिळतं तर घ्यावं.

२६ मार्च

सगळ्या वायरी आता एकत्र आणून बेरिलने त्यांची वेणी घातली. मेणाचा दोरा, दर दोन बोटांवर गाठ. सुंदर दिसते, हे मी तिला सांगितलं नाही.

भांडण झालं ते जादा वायरीवरून. तिने इंजिनाकडे जाणाऱ्या वेणीत एक मोकळी वायर घातलीय. कशालाच न जोडलेली.

"ही कशाला?"

"एक्स्चेंजमध्ये नेहमी एक मोकळी घालायचो. उद्या एखादी तुटली तर तयार असलेली बरी."

"विमान आहे हे. वरात नाही, जादा माणसं गाडीत कोंबायला."

"वजन किती, आयव्ही? एका चमच्याएवढं."

"वजनाचं नाही. ज्याला काम नाही ते विमानात नको."

"मग पहिलं आपल्या दोघींना बाहेर काढावं लागेल," म्हणाली. रोलंड चहा घेऊन आला होता, त्याच्या नाकातून चहा आला. मी हरले. वायर राहिली. नंबर अडतीस.

२ एप्रिल

बेरिलच्या बहिणीचं खुब्याचं हाड मोडलं, स्केगनेसला. बेरिल दहा-बारा दिवस तिकडे जातेय. जाताना दोनदा म्हणाली, "मॅग्नेटोच्या वायरी राहिल्यात. मी येईपर्यंत थांब."

"का? मला येत नाहीत?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

ती दारात उभी राहिली, हातमोजे घालत, काढत. "दोघींनी बघितलेलं बरं, एवढंच," म्हणाली.

हिला मी शिकवलं. आणि ही मला थांब म्हणते.

५ एप्रिल, गुड फ्रायडे

थांबले नाही. रोलंडला ईस्टरच्या सोमवारी इंजिन सुरू करून बघायचंय. फेब्रुवारीपासून बिचारा कुत्र्यासारखा शेडभोवती फिरतोय.

मॅग्नेटोचं काम जपून करावं लागतं, कारण तिथे सगळं उलटं असतं. घरात वायर तुटली की दिवा विझतो. इथे वायर तुटली की ठिणगी सुटते. इंजिन फिरलं की मॅग्नेटो स्वतःची ठिणगी स्वतः बनवतो, त्याला बॅटरी लागत नाही. स्विच 'बंद' करायचा म्हणजे ती ठिणगी वायरीतून विमानाच्या लोखंडात जिरवून टाकायची. वायर जोडलेली नसेल तर तुम्ही स्विच कितीही बंद करा, मॅग्नेटो जिवंतच. कित्येक चांगल्या माणसांची बोटं यात गेलीत.

इंजिनाला मॅग्नेटो दोन, तेव्हा वायरीही दोन. बत्तीस डाव्याची, तेहतीस उजव्याची. जोडल्या. अडतीस मोकळी, तिच्या टोकावर टोपी चढवून बांधून टाकली. नेहमी बॅटरी आणि बल्ब लावून प्रत्येक वायर शेवटपर्यंत पोचते का बघतात. बेरिल असती तर तीनदा बघितलं असतं. मी नाही बघितलं. उशीर झाला होता आणि सणाचा पाव भाजायचा होता.

विमानाच्या नोंदवहीत, लॉगबुकात, लिहिलं आणि सही केली.

८ एप्रिल, सोमवार

हे नीट लिहायचं आहे.

विमान बाहेर काढलं. चाकांना ठोकळे लावले, शेपूट ट्रॅक्टरला बांधली. मी आत, स्विचपाशी. रोलंड पुढे पंख्याशी. या इंजिनाला स्टार्टर नाही, पंखा हाताने फिरवूनच ते सुरू होतं. आधी स्विच बंद ठेवून चार वेळा फिरवायचा, म्हणजे पेट्रोल आत ओढलं जातं. मग स्विच चालू, मग खरा झटका.

"स्विच बंद?" रोलंड ओरडला.

"बंद!" मी म्हटलं. दोन्ही खटके खाली होते. माझा हात त्यांच्यावर होता.

एकदा फिरवला. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा फिरवला आणि इंजिन पेटलं.

एकच धडाका, पंखा दोन-तीन वेळा भर्रकन फिरला आणि थांबला. पुढे रोलंड दिसेना. मी उतरले कशी ते आठवत नाही. तो गवतात बसलेला, उजवा हात काखेत धरून. बोटांच्या पेरांवर पात्याचं टोक लागून गेलं होतं. सुजली होती, मोडली नव्हती. तो वाचला कारण सोळाव्या वर्षी मी त्याला शिकवलं होतं, पंख्याला कधीच मेलेला समजायचं नाही, पात्यावर हात पालथा ठेवायचा, बोटं वळवायची नाहीत, आणि झटका देताना अंग मागे पडलं पाहिजे. पडलं.

"मावशी," तो म्हणाला, "बंद म्हणालीस ना?"

"बंदच होते."

"मग ठीक आहे. मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही." आणि हसला. पांढराफटक पडला होता आणि हसत होता. मला त्याचं हसणं बघवलं नाही.

९ एप्रिल

सकाळी बल्ब आणि बॅटरी घेऊन बसले. स्विचवर जोडलेली वायर मॅग्नेटोपर्यंत पोचतच नाही. टोपी घालून बांधून टाकलेली पोचते. म्हणजे इंजिनाकडचं टोक बरोबर जोडलं, पण स्विचकडे मी मोकळी वायर जोडली, आणि मॅग्नेटोची वायर बांधून ठेवली. उजवा मॅग्नेटो शुक्रवारपासून जिवंत होता.

बेरिलने पट्ट्या उलट्या चढवल्या. दुसरं काही असू शकत नाही. आल्यावर सांगते तिला. नऊ वर्षं शिकवलं आणि हे! आणि जादा वायर घातली नसती तर हा घोटाळाच झाला नसता.

१० एप्रिल

रोलंड आला, हाताला फडकं बांधलेलं. मी दोन्ही वायरी हातात धरून बसले होते. खिडकीशी नेल्या, दिव्याशी नेल्या. 3 आणि 8. तीनची तोंडं मिटली की आठ होतो. माझ्या डोळ्यांपुढे दोन्हींची मिटलेली.

तो विमानाच्या पलीकडे होता, शेपटीजवळ. मी एक वायर वर धरली. म्हटलं, "ही वाच."

"तेहतीस," म्हणाला.

"आणि ही?"

"अडतीस. का?"

"तिथून दिसतंय तुला?"

"बेरिलने एवढं मोठं लिहिलंय, मावशी. रस्त्यावरून दिसेल."

मग त्याने हाताचं फडकं सोडून परत बांधलं. पत्र्यावर कावळ्यांचे पाय वाजत होते. तो काहीतरी बोलला असता तर मी भांडले असते, ते बरं झालं असतं.

पट्ट्या उलट्या नव्हत्या.

११ एप्रिल

लॉगबुक काढलं. त्यात खोडायचं नसतं, पान फाडायचं नसतं, पांढरा रंग फासायचा नसतो. चुकलं तर एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला तारीख. मी शुक्रवारच्या सहीवर रेघ मारली. पट्टी धरूनही वाकडी आली.

नंतर मागची पानं चाळली, भिंग घेऊन. दोन वर्षांपूर्वीची सही नीट ओळीवर बसलेली. मागच्या वर्षीची ओळीखाली घसरलेली. या वर्षीची दोन ओळींत. सही स्वतःच सांगत होती आणि मी कागदाला नावं ठेवत होते.

चर्चचा खांबही कोणी सरकवला नाही.

१४ एप्रिल

बेरिल आली. रोलंडने फोनवर सांगितलं होतं. कोटही काढला नाही, तशीच शेडमध्ये बाकावर बसली.

मी म्हटलं, "एक विचारते. सरळ सांग. तू संध्याकाळी झाडायला थांबायचीस?"

ती बुटांकडे बघत राहिली. "थोडं झाडायचेही."

"किती जोड परत केलेस?"

"आयव्ही..."

"किती?"

"सगळे नाही. पंचवीस-तीस. काहींत तांब्याच्या तारा थिंबलच्या बाहेर राहिल्या होत्या. बाकीचे चांगले होते, खरंच चांगले होते."

थंडीने पितळ आवळतं म्हणे! इतकी मूर्ख बाई या जिल्ह्यात दुसरी नसेल.

"कधीपासून?"

"मागच्या उन्हाळ्यापासून कळत होतं. तू किटलीतला चहा कपाच्या बाहेर ओततेस."

"आणि सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नसतं."

"मग?"

"मग भांडायचं होतं, बेरिल! महिनाभर भांडायचं, दार आपटून जायचं, रोलंडला सांगायचं, पाद्र्याला सांगायचं. तू माझं काम गुपचूप नीट करत राहिलीस, म्हणून मला वाटलं माझं बरोबर येतंय. म्हणून मी एकटी करायला बसले. तू नसतानाच्या दोन वायरींत रोलंड मेला असता."

ती रडायला लागली. मला रडणारी माणसं आवडत नाहीत, काय करायचं ते कळत नाही. मी चहा केला. तिने किटली माझ्या हातातून घेतली आणि मी दिली.

उशिराने म्हणाली, "मला भीती वाटायची. तुझी सही गेली की तू इथे येणार नाहीस. मग मीही कशाला येऊ?"

मी रुमाल तिच्याकडे सरकवला. म्हटलं, "नाक पूस."

२४ एप्रिल

डोळ्यांच्या डॉक्टरकडे. बेरिलने नेलं, शेळी हाकत. डॉक्टर म्हणजे पोरगी, तिशीची असेल, पण घाई करत नव्हती. भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. वरचं एक वाचलं. बाकीची अंदाजाने सांगितली तर म्हणते, "मिसेस सार्जिसन, परीक्षा नाही ही, नापास करणार नाही मी."

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. डावा पूर्ण पिकलेला, उजवा अर्धा. दोन-तीन वर्षांचा असणार. ऑपरेशन होतं, बहुतेकांना दिसायला लागतं, पण डाव्याच्या मागे आणखी काही आहे का ते मोतीबिंदू काढल्याशिवाय कळणार नाही. यादीत नाव घातलं. शरद ऋतूपर्यंत नंबर लागेल. तोवर गाडी चालवायची नाही.

"आणि विमानाची तपासणी?" मी विचारलं.

तिने पेन खाली ठेवलं. "तुम्ही काय करता म्हणालात?"

२८ एप्रिल

संघटनेला पत्र लिहिलं. बेरिलला लिहू दिलं नाही, मीच लिहिलं, मोठ्या अक्षरांत. लिहिलं की डोळे चालत नाहीत, पाच एप्रिलची सही चुकीची होती, ती रेघ मारून रद्द केली आहे, माझ्या चुकीने एका माणसाला लागलं आहे, आणि त्यांच्या एकतीस मेची वाट बघायची गरज नाही. नाव आजच काढा. सोबत माझा तपासनीसाचा शिक्का पाठवला.

शिक्का पाकिटात घातला तेव्हा वाटलं होतं त्यापेक्षा हलका निघाला. एकतीस वर्षं खिशात होता. खिसा आता नुसता लोंबतो.

रात्री झोप लागली. हे कबूल करायला आवडत नाही, पण लागली.

११ मे

संघटनेने दुसरा तपासनीस पाठवला. पास्क, नॉरफोकचा, पन्नाशीचा, पांढरा डगला, कपाळावर दिवा बांधलेला. मला वाटलं होतं की माझ्याकडे कीव घेऊन बघेल. तो माझ्याकडे बघतच नव्हता, वायरींकडे बघत होता. बरं वाटलं.

बेरिल आणि मी आधीच्या दोन आठवड्यांत एकेक वायर पुन्हा तपासली होती. ती नंबर मोठ्याने वाचायची, मी बोटाने धरून दुसरं टोक शोधायचे, ती बल्ब लावायची. बल्ब लागला की म्हणायची, "पेटला." चव्वेचाळीस वेळा पेटला. भांडणं फक्त दोन झाली.

पास्कने पाच तास घेतले. अधूनमधून विचारायचा, "इंधनाच्या काट्याची वायर कुठून नेलीत?" मी खुर्चीवर बसूनच सांगायचे, फळीमागून डावीकडे, तिसऱ्या पट्टीखालून, पायाशी वळवून वर. तो दिवा लावून बघायचा, वायर तिथे असायची. चौथ्यांदा म्हणाला, "तुम्ही न बघता सांगताय."

"बघून सांगत होते तेव्हा चुकलं."

हसला नाही. लिहून घेतलं बहुतेक. शेवटी मॅग्नेटोच्या दोन्ही वायरी त्याने स्वतः बल्ब लावून बघितल्या आणि बेरिलला विचारलं, "ही मोकळी कशाला?" मी म्हटलं, "राहू दे ती. तिचं बरोबर आहे." बेरिलच्या हातातला बल्ब खाली पडला आणि फुटला.

सही त्याची झाली. माझ्या रेघेच्या खाली, दोन ओळी सोडून.

१९ मे, रविवार

वारा नाही, ढग उंच. विमान बाहेर काढलं. ठोकळे, ट्रॅक्टर, सगळं. पास्कही आला होता, म्हणाला जाता जाता बघतो. रोलंडने हातमोजा काढला, बोटं अजून आखडलेली.

मी म्हटलं, "बाजूला हो. पंखा मी फिरवते."

"मावशी, वेडी झालीस का? त्र्याहत्तर वर्षांची आहेस तू."

"पंख्याला वय सांगायला जाऊ नकोस. त्या वायरी मी घातल्यात. त्यांच्यासमोर कोणी उभं राहायचं असेल तर मीच."

पास्क म्हणाला, "मिसेस सार्जिसन, नियमाप्रमाणे..."

"नियमात वय लिहिलंय?"

त्याने जरा विचार केला. "नाही," म्हणाला, आणि चार पावलं मागे झाला.

बेरिल आत बसली, स्विचपाशी. मी पंख्याशी गेले. पाय कुठे ठेवायचे ते पायांना ठाऊक होतं. पातं हाताला गार लागलं.

"स्विच बंद?"

"बंद!" बेरिलचा आवाज चिरकला.

एकदा फिरवला. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा हात जरा थांबला, खरं आहे ते लिहिते. फिरवला. काही झालं नाही. चौथ्यांदाही काही नाही. इंजिन मुकाट. सिलिंडरांतून नुसती सुस्कारल्यासारखी हवा. मी दोन पावलं मागे आले.

"चालू!"

"चालू!"

एका झटक्यात लागलं. गवत मागे आडवं झालं. पास्कची टोपी उडाली, तो तिच्यामागे धावला.

इंजिन गरम झाल्यावर बेरिल उतरली आणि रोलंड आत बसला. मला म्हणाला, "चल मावशी." मी म्हटलं, आधी तू एकटा जाऊन ये, मी इथून ऐकते. काही बिघडलं तर मला आवाजात कळेल.

गेला. गवतावरून दोन उड्या मारून उचललं. बेरिल आणि मी कुंपणाशी उभ्या राहिलो. आवाज समोरून गेला, मग उजवीकडे, मग पातळ होत चालला. चारही सिलिंडर बरोबर, एकही चुकत नव्हता. मी मान वर करून बघत होते, सगळे बघतात तसं. वर नुसता दुधासारखा उजेड.

मागच्या वर्षी असंच उभं राहून मी म्हणाले होते, छान दिसतंय. तेव्हाही दिसत नव्हतं.

"बेरिल," मी म्हटलं, "मला ते दिसत नाही. कुठे आहे सांग."

तिने माझा कोपर धरला आणि सांगायला लागली. चर्चच्या मनोऱ्यावर आहे. आता डावीकडे कलतोय. पंखाखालचं ऊन चमकलं. आता पास्कच्या गाडीवरून येतोय, खूप खाली, मूर्ख आहे. आता बीटांवर. सावली बीटांवरून पळतेय.

मी म्हटलं, "थांबू नकोस. बोलत राहा."